विमानाचा सातबारा

कोकणी माणसाच्या दृष्टीस एखादी वस्तू पडली की ती सुंदर आहे किंवा कुरूप, उपयोगाची आहे किंवा निरुपयोगी, हे प्रश्न त्याच्या मनात यथावकाश उद्भवतात; सर्वांआधी उद्भवतो तो 'ही कुणाची?' हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत सौंदर्यशास्त्र काय किंवा अर्थशास्त्र काय, दोघांनाही पडवीत ताटकळत बसावे लागते. हा दोष स्वभावाचा नसून जमाबंदीचा आहे. ज्या मुलखात फणसाचे झाड एकाचे, त्याखालची जमीन दुसऱ्याची, पडलेला फणस तिसऱ्याचा आणि या तिघांमधला दावा दापोलीच्या कोर्टात चौथ्याच्या, म्हणजे वकिलाच्या, उदरनिर्वाहाचा असतो, त्या मुलखात मालकीची पृच्छा हीच प्राथमिक शिष्टाचाराची खूण ठरावी यात नवल नाही.

आमच्या बुरोंडीस पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला भगवान परशुरामांचा जो भव्य पुतळा आहे, त्याच्यासमोर पर्यटक छायाचित्रे काढतात, हात जोडतात आणि लाडघरच्या किनाऱ्याकडे निघून जातात. परंतु गावातील एक निवृत्त तलाठी, ज्यांना सारा गाव अद्याप भाऊसाहेब म्हणतो (तलाठ्यास भाऊसाहेब म्हणण्याची महाराष्ट्राची रूढी त्याची नोकरी संपली तरी संपत नाही), ते त्या पुतळ्याकडे भक्तिभावाने पण काहीशा व्यावसायिक चिंतेने पाहतात. "मास्तर," ते मला एकदा म्हणाले, "सगळी पृथ्वी कश्यपांना दान दिली, मग स्वतःला उभे राहायला जागा उरली नाही म्हणून समुद्र हटवून कोकण घेतले, इथपर्यंत ठीक. पण या व्यवहाराचा फेरफार कुठे आहे? समुद्राने सोडलेली जमीन सरकारची असते." ज्या गृहस्थास अवताराच्या सातबाऱ्यातही त्रुटी दिसते, त्याच्या हाती त्याच्या मुंबईकर नातवाने आकाशातील विमाने दाखविणारा भ्रमणध्वनी द्यावा, ही घटना नागरी उड्डाणाच्या इतिहासात नोंदली गेली नसली, तरी बुरोंडीच्या बंदरावर तिचे पडसाद अजून उमटत आहेत.

बुरोंडीवरून मुंबई-गोवा अशी ये-जा करणारी विमाने दिवसभर जातात. एरव्ही ती ढगांत विरणाऱ्या पांढऱ्या रेघेपलीकडे कुणाच्या हिशेबी नव्हती. आता बंदराच्या कठड्यावर, सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि डिझेलचा वास यांच्या सीमारेषेवर बसून भाऊसाहेब त्या पडद्याकडे पाहतात, तेव्हा नकाशावर अरबी समुद्राच्या निळाईतून पिवळ्या रंगाची चिमुकली विमाने सरकत येतात, आणि एकाला बोट लावले की त्याचा क्रमांक, जात, उंची, वेग, कोठून आले आणि कोठे जाणार, हा सगळा पंचनामा खाली उघडतो. प्रवासी विमानांत भाऊसाहेबांना रस नाही. त्यांच्या शेपटीवर कंपनीचे नावच रंगविलेले असते आणि जे उघड लिहिलेले आहे ते विचारण्यात पुरुषार्थ तो कोणता. त्यांचे लक्ष असते ते शुक्रवारी सायंकाळी गोव्याच्या दिशेने चाळीस हजार फुटांवरून, कोणतेही नाव न मिरविता, सुळकन निघून जाणाऱ्या लहानशा जेटवर. तसे एखादे दिसले की ते मान वर करतात, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरतात आणि, ज्या स्वरात त्यांनी उभा जन्म 'ह्या बांधाच्या पलीकडचा आंबा कोणाचा?' असे विचारले, त्याच स्वरात विचारतात, "हे कुणाचे?"

येथे यंत्राविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण हे सारे हेरगिरीचे काम असावे असा आमच्या गावातील काही सज्जनांचा समज झाला होता. वस्तुस्थिती अशी की विमान स्वतःच आपला ठावठिकाणा पुकारत जाते. त्यात बसविलेले यंत्र दर सेकंदाला आपली ओळख, उंची, वेग आणि स्थान रेडिओलहरींवरून जाहीर करते, म्हणजे दुसऱ्या विमानांनी व खालच्या नियंत्रकांनी ते ऐकावे आणि आकाशात टक्कर होऊ नये. या लहरींवर कुलूप नाही, त्यामुळे स्वस्तातले एक ग्रहणयंत्र आणि गच्चीवर हातभर अँटेना असली की कोणीही ते ऐकू शकतो. स्वीडनमधील दोघा हौशी मंडळींनी २००६ साली हा उद्योग आरंभिला आणि आज जगभर हजारो गृहस्थ आपापल्या गच्च्यांवरून ही बातमी एकमेकांना विनामोबदला पुरवीत असतात. आमच्याकडे शेजारच्या घरात कोण आले, कोण गेले याची वार्ता फार पूर्वीपासून याच तत्त्वावर, आणि अँटेनेशिवाय, प्रसृत होत आली आहे.

क्रमांक मिळाला, परंतु क्रमांक म्हणजे मालक नव्हे. आमच्या बंदरात उभ्या असलेल्या प्रत्येक यांत्रिक नौकेच्या केबिनवर 'आयएनडी-एमएच-४-एमएम' अशी अक्षरे आणि पुढे आकडा रंगविलेला असतो. पण त्या आकड्यावरून मालक शोधण्याची पाळी येथे कोणावर येत नाही, कारण नौका कोणाची, तिच्यावर कर्ज किती, तांडेल कोण आणि तो मालकावर रागावला आहे की काय, हे सर्व बंदरावरील कुत्र्यांनाही ठाऊक असते. विमानाच्या बाबतीत मात्र दप्तर उघडणे भाग पडते, आणि हे दप्तर खरोखरच उघडे आहे ही गोष्ट कळल्यावर भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते त्यांच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभातही आले नव्हते.

१९४४च्या शिकागो कराराने सर्व देशांवर असे बंधन घातले की प्रत्येक विमान कोणत्या तरी एका देशाच्या पटावर नोंदलेले असावे, एकाच वेळी दोन देशांच्या पटांवर नसावे, आणि त्याने आपली अक्षरे अंगावर धारण करावीत. त्या कराराच्या सातव्या परिशिष्टात पंखांवरील अक्षरे किमान ५० सेंटिमीटर आणि धडावरील किमान ३० सेंटिमीटर उंचीची असावीत इथपर्यंत तपशील असून, याखेरीज प्रवेशद्वाराजवळ एक अग्निरोधक धातूची पट्टी ठोकलेली असावी आणि तीवर हीच अक्षरे कोरलेली असावीत, असाही हुकूम आहे. म्हणजे सारे विमान जळून भस्म झाले तरी नोंद शिल्लक राहील. हे वाचून दाखविले तेव्हा भाऊसाहेब बराच वेळ स्तब्ध होते. त्यांच्या सेवाकालात वाळवी, पागोळ्या आणि उंदीर या त्रयीने किती फेरफार रद्द केले याची त्यांना आठवण झाली असावी.

भारतीय विमानांची अक्षरे 'व्हीटी'ने सुरू होतात. मुंबईच्या चाकरमान्यांच्या गावात या अक्षरांचा अर्थ एकच होतो आणि तो बोरीबंदरला जाऊन थांबतो. परंतु त्या स्थानकाचे नाव १९९६ साली बदलले तरी विमानांची अक्षरे मात्र, संसदेत अधूनमधून होणाऱ्या तक्रारींना न जुमानता, आहेत तशीच राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले, त्या पुस मॉथ विमानावरही 'व्हीटी-एडीएन' हीच अक्षरे होती. त्या काळी विमान, वैमानिक आणि मालक हे तिघे एकाच आसनावर बसलेले असण्याचा संभव असे; त्यामुळे 'हे कुणाचे?' या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास धावपट्टीपर्यंत चालत जाणे पुरे होई.

आज तितके सोपे राहिलेले नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठेवलेली नोंदवही जनतेस पाहता यावी, अशी तरतूद १९३७च्या विमान नियमांतच आहे. आणि तीत विमानाची अक्षरे, जात, कारखान्याचा अनुक्रमांक, बांधणीचे वर्ष, मालकाचे नाव, चालविणाऱ्याचे नाव, नोंदणीची तारीख, असे रकाने आहेत. रकाने पाहून भाऊसाहेब सुखावले. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादार आणि इतर हक्क या पंचमहाभूतांतून ज्याने सृष्टी पाहिली, त्याला रकान्यांचे दर्शन म्हणजे माहेर. त्यांनी चष्मा पुसला, शुक्रवारच्या त्या जेटची अक्षरे शोधली, मालकाच्या रकान्यावर बोट ठेवले, आणि तेथे एका खासगी मर्यादित कंपनीचे असे नाव निघाले की त्यावरून ती कंपनी विमाने बाळगते, खते विकते की धर्मशाळा चालविते याचा काहीही बोध होऊ नये.

"कंपनी म्हणजे कोण?" भाऊसाहेब म्हणाले. मी सांगितले की कंपनीचे भागधारक असतात. "भागधारक कोण?" दुसरी कंपनी. "आणि तिचे?" तिसरी. "वारसनोंद केव्हा व्हायची?" या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते; कारण कंपनी ही व्यक्ती कायद्याने जन्मते, सही करते, दावा लावते, कर्ज बुडविते, परंतु मरत नाही, आणि जी मरत नाही तिचे नाव कंसात टाकण्याचा प्रसंगच तलाठ्यावर येत नाही. आमच्या सातबाऱ्यात एका सामाईक खात्यावर पाऊणशे नावे असतात, त्यांपैकी निम्मी मयत, उरलेल्यांपैकी निम्मी नालासोपाऱ्यास आणि एक जण सदैव 'अज्ञान, पालनकर्ती आई' असा असतो. पण ती नावे माणसांची असतात. कोणीही उठावे, चावडीवर जावे आणि अमक्याच्या बागेवर सोसायटीचा बोजा किती आहे, बँकेकडे काय गहाण आहे, चुलत्याने कुठे हरकत घेतली आहे, हे वाचून घरी येऊन जेवणाच्या पानावर सांगावे. ज्याच्याजवळ अकरा गुंठे आहेत त्याचे सारे चरित्र असे उघडे. आणि ज्याच्याजवळ आकाशात उडणारी शेकडो कोटींची मिळकत आहे, त्याच्या नावाच्या जागी एक पाटी, पाटीच्या मागे दुसरी पाटी.

प्रवासी विमानांची गत याहून निराळी व एका अर्थी अधिक प्रामाणिक आहे. आपण ज्या विमानात बसून गोव्यास जातो ते बहुतकरून त्या कंपनीचे नसतेच. ते आयर्लंडसारख्या देशातील एखाद्या भाडेपट्टा कंपनीचे असते आणि आपली कंपनी तिची केवळ कूळ असते. भाऊसाहेबांना हे चटकन उमगले. कुळकायदा लागू झाला तर विमान कसेल त्याचे होईल काय, अशी शंका त्यांनी लगेच काढली. केप टाउन येथे २००१ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार याच्या नेमका उलट आहे. भाडे थकले तर मालकाने विमान सोडवून परदेशी न्यावे, अशी सोय त्यात आहे, आणि तिला पूर्ण बळ देणारा कायदा आपल्याकडे २०२५ साली झाला. खोतांच्या वंशजांनी हा कायदा वाचला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

खासगी विमानांच्या बाबतीत जकातखात्यानेही या गुंत्यास हातभार लावला. २००७ साली खासगी वापराकरिता आणलेल्या विमानांवर जकात बसली, आणि भाड्याने देण्याकरिता आणलेल्यांना परवान्याच्या अटींवर माफी मिळाली. तेव्हा अनेक धनिकांना आपण स्वभावतः भाड्याने विमाने देणारे व्यावसायिक आहोत असा साक्षात्कार झाला. मग कंपनी विमान आणते, परवाना घेते, आणि मालकास गोव्यास जावयाचे असेल तेव्हा तो रीतसर भाडेकरू होऊन आपल्याच विमानात बसतो. पुढे जकातखात्याने विचारले की हे भाडे की नाटक, आणि प्रकरणे न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षे चालली. आपल्याच नारळाला स्वतःच दर देऊन स्वतःच विकत घेण्याची ही युक्ती बुरोंडीत कोणाच्या डोक्यात कशी आली नाही, याचे भाऊसाहेबांना वैषम्य वाटले.

परंतु हे सारे आपल्या घरचे. विदेशात या कलेचा जो परमोत्कर्ष झाला आहे, त्यापुढे आपली मंडळी बिगारीतली. आइल ऑफ मॅन नावाच्या, लोकवस्तीने लाखाच्याही आत असलेल्या बेटाने २००७ साली विमानांचा स्वतंत्र पट उघडला आणि जगातील श्रीमंतांची जेटे त्या पटावर येऊन दाखल झाली. सान मारिनो या चिमुकल्या प्रजासत्ताकाची अक्षरे धारण केलेली विमाने जगभर हिंडतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी त्या देशाची भूमी कधी पाहिलीही नसेल. अमेरिकेत विमान नोंदवावयाचे तर मालक अमेरिकी हवा. मग परक्याने काय करावे? त्याने एक न्यास करावा, न्यासाचा विश्वस्त अमेरिकी ठेवावा, आणि नोंदवहीत विश्वस्ताचे नाव घालावे. या युक्तीचे माहेरघर टेक्सासमधील ओनालास्का हे गाव. तेथील वस्ती सुमारे तीन हजार, गावात विमानतळ नाही, आणि २०१९ साली डॅलसच्या एका दूरचित्रवाणी केंद्राने नोंदवही चाळली तेव्हा त्या गावच्या पत्त्यावर एक हजाराहून अधिक विमाने निघाली. पत्ता म्हणजे टपालपेटी. पुढे त्या न्यासांचा कारभार पाहणाऱ्या बाईंवर खटला होऊन २०२३ साली त्या दोषी ठरल्या, हा भाग भाऊसाहेबांनी नीट ऐकला नाही. कारण त्यांचे मन मध्येच थांबून, वस्ती आहे, विमानतळ नाही, टपाल कचेरी आहे, अशी बुरोंडीची व ओनालास्काची सूची पडताळून पाहण्यात गुंतले होते. ग्रामपंचायतीने प्रत्येक विमानास घरपट्टीच्या दराने आकारणी केली तर बंदराच्या धक्क्याचे काम कोणाच्याही पाया न पडता होईल, असा त्यांचा हिशेब. मी आठवण दिली की लोक ओनालास्कास गेले ते आपले नाव लपावे म्हणून, आणि आपल्या गावात नाव लपणे शक्य नाही. तेव्हा ही दरखास्त त्यांनी खिन्नपणे तहकूब केली.

अमेरिकेचे पुढचे पाऊल तर असे की २०२४च्या कायद्याने खासगी विमानाच्या मालकास आपले नाव व पत्ता जाहीर पटावरून झाकून घेण्याचा अधिकारच दिला. त्यापूर्वी एका महाविद्यालयीन पोराने इलॉन मस्क यांच्या जेटचा प्रवास जगास सांगण्याचा छंद आरंभिला होता. मस्क यांनी तो बंद करण्यास पाच हजार डॉलर देऊ केले आणि पोराने पन्नास हजार मागितले. व्यवहार मोडला. जगातील सर्वांत श्रीमंत माणसाशी घासाघीस करून ती मोडण्याचे धैर्य दाखविल्याबद्दल हा मुलगा मूळचा दापोली तालुक्यातला असावा, असा संशय भाऊसाहेबांनी व्यक्त केला.

आपल्याकडील श्रीमंतांचे कौतुक असे की मालकीचा रकाना ते झाकतात आणि अक्षरांत मात्र स्वतःच प्रकट होतात. नोंदणीची शेवटची तीन अक्षरे, मोकळी असतील तर, पसंतीने मागून घेता येतात. आणि मनुष्यास स्वतःच्या आद्याक्षरांइतकी पसंत अशी दुसरी अक्षरे नाहीत. विजय मल्ल्या यांचे एअरबस ३१९ जातीचे विमान 'व्हीटी-व्हीजेएम' होते. सेवाकराच्या थकबाकीपोटी सरकारने ते जप्त केले, मुंबईच्या विमानतळावर ते ऊनपाऊस खात उभे राहिले, लिलावामागून लिलाव फसले, २०१६ साली कोणी १ कोटी ९ लाखांची बोली लावली ती नाकारली गेली, आणि अखेर २०१८ साली एका अमेरिकी कंपनीने ते ३४ कोटी ८० लाखांना घेतले. मालक देशाबाहेर गेलेला, आणि त्याची आद्याक्षरे मात्र हलता येत नाही म्हणून येथे जागच्या जागी उभी. २५ मे २०१७ रोजी निलंग्यास कोसळलेले, आणि ज्यातून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस सुदैवाने सुखरूप बाहेर आले, ते राज्य शासनाचे हेलिकॉप्टर 'व्हीटी-सीएमएम' होते. हे नाव वाचून भाऊसाहेब प्रथमच समाधान पावले, कारण हुद्दा, राज्य आणि वहिवाट ही तिन्ही तीन अक्षरांत आली होती.

तथापि या साऱ्या पटावर ज्याचा मालक, कर्ता आणि कर्जदार हे तिघेही नावागावानिशी ठाऊक आहेत, असे माझ्या दृष्टीने एकच विमान आहे. चौपाटीवर १८९५ साली विमान उडविल्याची शिवकर बापूजी तळपदे यांची जी कथा सांगितली जाते, ती कोणत्याही नोंदवहीत नाही आणि तिचा आधारही वादग्रस्त आहे, म्हणून ती सोडून देऊ. परंतु कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोपमध्ये आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, हे सर्वांनी पाहिले. ज्या गच्चीवर पापड वाळत घालण्यासही सोसायटीच्या चिटणीसाची अनुमती लागते, तेथे वर्षानुवर्षे विमान बांधले जात होते, आणि त्याहून आश्चर्य म्हणजे शेजाऱ्यांनी ते बांधू दिले. २०१६च्या फेब्रुवारीत ते क्रेनने खाली आले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडले गेले. सर्वांनी स्तुती केली. नोंदणी मात्र होईना. हौशी माणसाने घरी बांधलेले विमान कोणत्या नियमात बसवावे, हे ठरेपर्यंत फायली हलत राहिल्या. पंख, इंजिन, शेपूट सारे तयार, आणि दाखला नाही. अखेर नोव्हेंबर २०१७मध्ये नोंदणीचा दाखला मिळाला, आणि ज्यांनी तो मिळवून देण्यास साह्य केले त्या नरेंद्र मोदी व देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून यादव यांनी अक्षरे घेतली 'व्हीटी-एनएमडी'. उडण्याची परवानगी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, २०१९ साली आली.

भाऊसाहेबांनी ही हकीकत दोनदा ऐकली. ज्यांचे विमान कारखान्यातून तयार येते, त्यांचे नाव रकान्यात सापडत नाही, पण दाखला कधीच्या काळी झालेला असतो. आणि ज्याने विमान स्वतःच्या हाताने, घरच्या गच्चीवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत बांधले, ज्याच्या मालकीविषयी ब्रह्मदेवासही शंका घेता येऊ नये, त्याला मालक म्हणवून घेण्यासाठी वर्षे मोजावी लागली. "साहजिक आहे," भाऊसाहेब म्हणाले. "नाव खरे असले की चौकशी जास्त होते. मी स्वतः करीत असे."

वाचकांपैकी कोणास शुक्रवारी सायंकाळी डोक्यावरून जाणाऱ्या जेटविषयी कुतूहल वाटल्यास महासंचालनालयाची नोंदवही त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळते. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यास मात्र दर उताऱ्यामागे १५ रुपये पडतात.